कमी देखभालीची फळबाग: आधी संख्या ठरवा, मग झाडं

घरामागे साधारण 2000 चौरस फूट जागा आहे, आठवड्याला तासभर देता येईल, तर कोणती फळझाडं लावू, असं तुम्ही विचारलंय. नावांआधी आकडा सांगते: आठ. 15 बाय 15 फुटांचं अंतर धरलं की एवढीच बसतात. नर्सरीत गेल्यावर पंधरा रोपं उचलायचा मोह होणारच, पण दाटीतली झाडं उजेडासाठी नुसती उंच पळतात, आत हवा खेळत नाही, आणि मग कीड, बुरशी, छाटणी सगळंच मागे लागतं.

माझी पहिली पसंती सीताफळाला. हिवाळा सरता सरता पानं गाळतं, पाण्याचा ताण सोसतं, शेळ्याही सहसा त्याला तोंड लावत नाहीत. त्रास देतो तो पिठ्या ढेकूण. खोडावरून मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की फळांच्या देठाशी पांढरा कापूस शोधा आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा.

चिकू संथ वाढतो, पण एकदा रुजला की फारसं काही मागत नाही. मोठा झाल्यावर पसरतो मात्र भरपूर, म्हणून एकच लावा आणि त्याला दोन झाडांची जागा द्या (म्हणजे आठाची सात झाली!). तुतीची फांदी नुसती खोचली तरी जगते. तिच्या फळांचे डाग जात नाहीत, तेव्हा कपडे वाळत घालायच्या दोरीपासून ती लांबच बरी. कुंपणाला करवंद लावा, काटेही मिळतील आणि फळंही.

पेरू 'सोपा' म्हणून खपतो, पण पावसाळ्यातल्या त्याच्या फळांत फळमाशीच्या अळ्या हमखास. उन्हाळ्यात शेंडे छाटले की तो बहर जातो आणि नव्या फुटीवर हिवाळ्यात फळं येतात. वर्षातून एवढं एक काम जमणार असेल तरच लावा. लिंबू एक पुरे. त्याची कोवळी पानं खाणारी फुलपाखराची अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे नजरेतून सुटते. वेचून काढली की झालं, फवारणी कशाला? डाळिंब मी तुमच्या यादीतून सरळ काढून टाकेन. त्याच्या तेल्या रोगामागे (जिवाणूंमुळे पानाफळांवर तेलकट डाग पडतात तो) धावायला आठवड्याचा एक तास पुरत नाही.

आवळा हवाच असेल तर वेगवेगळ्या जातींची दोन कलमं घ्या. बहुतेक जातींना स्वतःच्या परागावर नीट फळधारणा होत नाही, आणि एकटं झाड फुलतं पण फळत नाही, ही तक्रार इथूनच येते.

पहिली दोन वर्षं मात्र सुटका नाही. पाणी वेळेवर द्यावं लागेल. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं तीन-चार इंच आच्छादन टाकलं की तण आणि पाणी दोन्हींचं काम निम्म्यावर येतं. फक्त ते खोडाला चिकटू देऊ नका, साल कुजते. कलम लावताना जोड मातीच्या वर ठेवा आणि त्याखाली फुटणारे खुंटाचे (म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधलंय त्याचे) फुटवे दिसताक्षणी खुडा. ते राहिले तर खुंट कलमाला दाबून टाकतो, आणि तुम्ही हौसेने आणलेल्या जातीऐवजी भलतीच फळं हाती येतात.

झाड कमरेएवढं झालं की शेंडा मारून चौफेर तीन-चार फांद्या राखा. पुढे हात पोचेल एवढ्याच उंचीवर ठेवलंत, तर शिडीही लागणार नाही.