स्लाइड्स कोडमधून कराव्यात की नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये?

पॉवरपॉइंटसारखे सॉफ्टवेअर हाताशी असताना कोड लिहून सादरीकरण तयार करण्यात खरोखर काही लाभ आहे की ही केवळ प्रोग्रामर मंडळींची हौस आहे, आणि सुरुवात करायची झाल्यास कोणत्या साधनाने करावी, असे आपण विचारले आहे. प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र शिकवताना मी दोन्ही पद्धतींनी स्लाइड्स केल्या आहेत व आजही करतो. कोडमुळे स्लाइड्स अधिक देखण्या होत नाहीत, आणि पहिल्या वेळी तर वेळही वाचत नाही, उलट जास्तच लागतो. स्लाइडवरचा मजकूर वारंवार बदलणारा असेल, किंवा तो एखाद्या प्रोग्राममधून, आकडेमोडीतून वा दुसऱ्या फाइलमधून येणारा असेल, तर मात्र ही पद्धत आपले मोल दाखवते. निर्णय याच कसोटीवर घ्यावा.

‘कोड’ हा शब्द येथे थोडा दिशाभूल करतो, कारण बहुतेक वेळा लिहायचे असते ते मार्कडाउन, म्हणजे अगदी साध्या खुणा असलेला मजकूर. मार्प या साधनात एक साधी फाइल उघडायची, शीर्षकाआधी # ही खूण द्यायची, मुद्द्यांआधी लहान रेघ द्यायची आणि एक स्लाइड संपली की स्वतंत्र ओळीवर --- लिहून पुढची सुरू करायची. एवढ्यावर सादरीकरण उभे राहते. मजकूर कोठे बसेल, अक्षर केवढे असेल, रंग कोणता, हे सारे थीम ठरवते आणि थीम म्हणजे सीएसएसची (वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या भाषेची) एक वेगळी फाइल असते. आशय आणि रूप यांची ही फारकत झाली की साठ स्लाइड्सची शीर्षके एकाच ओळीच्या बदलाने बदलता येतात. पॉवरपॉइंटमध्येही स्लाइड मास्टर, म्हणजे सर्व स्लाइड्सचा सामाईक साचा, वापरून हे साधते, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रत्यक्षात लोक प्रत्येक स्लाइडवर हाताने चौकटी हलवत बसतात आणि मग मास्टर निरुपयोगी ठरतो.

साध्या मजकुराचा दुसरा गुण बदलांचा माग ठेवण्यात आहे. पीपीटीएक्स ही फाइल म्हणजे आतून एक्सएमएल फायलींचे झिप केलेले गाठोडे असते, त्यामुळे फायलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाला त्यात ‘काहीतरी बदलले’ एवढेच कळते. मार्कडाउन किंवा लाटेकच्या (साध्या मजकुरात खुणा लिहून, विशेषतः गणिती, दस्तऐवज तयार करण्याच्या प्रणालीच्या) फाइलमध्ये मात्र कोणती ओळ कधी बदलली हे सरळ वाचता येते. दोघांनी दोन वेगळ्या स्लाइड्सवर एकाच वेळी काम केले तरी ते जोडता येते, आणि ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘खरोखर अंतिम’ अशा नावांच्या फायली साठत नाहीत.

तरीही मला स्वतःला सर्वाधिक पटलेले कारण वेगळे आहे. समजा, तुमच्या सादरीकरणात आकडेवारीचे दहा आलेख आणि चार तक्ते आहेत. नेहमीच्या पद्धतीत आलेख एका प्रोग्राममध्ये काढायचा, त्याचे चित्र जतन करायचे, स्लाइडवर चिकटवायचे, आणि मूळ विदेत एक नोंद दुरुस्त झाली की ही सगळी यातायात पुन्हा करायची. त्यातले एखादे चित्र जुनेच राहून गेले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. क्वार्टो या साधनात आलेख काढणारा पायथन, आर किंवा जूलियामधला कोड स्लाइडच्या मजकुरातच असतो. सादरीकरण तयार करण्याची आज्ञा दिली की तो कोड चालतो आणि त्यातून निघालेला आलेख किंवा तक्ता थेट स्लाइडवर उतरतो. वाक्याच्या मध्ये येणारा एखादा सरासरीचा आकडासुद्धा गणनेतूनच घेता येतो, म्हणजे आलेख एक सांगतो आणि शेजारचे वाक्य दुसरेच, असे घडत नाही. आकडेमोड जड असेल तर दर वेळी सगळे नव्याने चालवावे लागू नये म्हणून आधीचे निष्कर्ष साठवून ठेवण्याची सोयही त्यात आहे.

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्यांना यासारखाच लाभ कोड दाखवताना होतो. कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या कोडचे पडद्यावरून घेतलेले चित्र स्लाइडवर लावले की ते मागच्या रांगेतून वाचता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. हकीम एल हत्ताब यांचे रिव्हील-जेएस किंवा अँथनी फू यांचे स्लाइडेव्ह या ब्राउझरवर चालणाऱ्या साधनांत कोड हा कोड म्हणूनच राहतो, त्याला रंग आपोआप मिळतात, आणि आधी पहिल्या दोन ओळी उजळाव्यात, नंतर पाचवी उजळावी, असा क्रम ओळींचे क्रमांक लिहून ठरवता येतो. लांबलचक फंक्शन समजावताना या एका सोयीचा जेवढा उपयोग होतो तेवढा कोणत्याही आकर्षक हालचालीचा होत नाही.

गणिताच्या मंडळींसाठी बीमर, म्हणजे लाटेकमध्ये स्लाइड्स करण्याचे साधन, आहे. टिल टांटाउ यांनी ते 2003 मध्ये स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी लिहिले आणि सहकाऱ्यांच्या आग्रहावरून सर्वांसाठी खुले केले. सूत्रे, प्रमेये आणि संदर्भसूची आधीच लाटेकमध्ये असेल तर ती तशीच उचलून स्लाइडवर आणता येते. बीमरचा निकाल पीडीएफ असल्याने तो कोणत्याही संगणकावर सारखाच दिसतो. त्याचे जाच मात्र ओळखून असावेत: स्लाइडवर प्रोग्रामचा कोड जसाच्या तसा छापायचा असेल तर त्या स्लाइडला ‘फ्रॅजाइल’ हा पर्याय द्यावा लागतो, तो विसरल्यास येणारा त्रुटीसंदेश नवख्याला काहीही समजू देत नाही. शिवाय त्याच्या ठरलेल्या थीम्स इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत की दुरूनही ‘हे बीमर’ असे कळते. मला त्यात वावगे वाटत नाही, काहींना वाटते.

मराठीत स्लाइड्स करणार असाल तर येथे थोडे सावध राहावे. पीडीएफ-लाटेक हे जुने इंजिन युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे व वेलांट्या स्वतःहून नीट जुळवत नाही, म्हणून झी-लाटेक किंवा लुआ-लाटेक वापरावे, आणि लुआ-लाटेकमध्ये फॉन्ट जोडताना रेंडरर (अक्षरे जुळवून मांडणारा भाग) म्हणून हार्फबझ निवडावा. बीमर मुळात सॅन्स कुटुंबातील, म्हणजे टोकांना नक्षी नसलेले, अक्षर वापरते, त्यामुळे केवळ मुख्य फॉन्ट बदलून स्लाइडवर काहीच फरक पडत नाही. सॅन्स फॉन्ट म्हणून नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा फॉन्ट स्वतंत्रपणे सांगावा लागतो. ब्राउझरवर चालणाऱ्या साधनांत जोडाक्षरांची चिंता नसते, कारण ते काम ब्राउझरच करतो. मात्र फॉन्ट ठरवून दिला नाही तर प्रत्येक संगणक आपल्याकडचा फॉन्ट लावतो आणि घरी बरोबर बसलेली ओळ तेथे खाली घसरते. ओळींमधले अंतरही थोडे वाढवावे, कारण मात्रा आणि उकार यांना रोमन अक्षरांपेक्षा जास्त उभी जागा लागते.

आता ही पद्धत कोठे हरते ते सांगतो. ज्या स्लाइडवर चित्रे, बाण आणि छोटे मजकूर यांची जागा डोळ्यांनी पाहून ठरवायची असते, तेथे कोड लिहिणे म्हणजे खोलीच्या बाहेर उभे राहून फोनवरून सामान लावून घेण्यासारखे आहे. अशा आकृत्या इंकस्केपसारख्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढाव्यात, एसव्हीजी (कितीही मोठे केले तरी न फाटणारे चित्र) म्हणून जतन कराव्यात आणि स्लाइडमध्ये जोडाव्यात; साधे प्रवाहचित्र असेल तर मजकुरातून आकृती काढणाऱ्या मर्मेडच्या चार ओळी पुरतात. त्याहून मोठी अडचण सहकाऱ्यांची असते. तुमच्या स्लाइड्समध्ये दुसऱ्या विभागातील व्यक्ती शेवटच्या क्षणी दोन वाक्ये बदलणार असेल आणि तिला मार्कडाउन ठाऊक नसेल, तर निमूटपणे पॉवरपॉइंट किंवा गूगल स्लाइड्स वापरावे. मार्प पीपीटीएक्स फाइल देते खरी, पण नेहमीच्या पर्यायात तिच्यातील प्रत्येक स्लाइड म्हणजे एक चित्र असते आणि त्यातला मजकूर बदलता येत नाही. संपादन करता येईल अशी फाइल हवी असेल तर फायलींचे रूपांतर करणारे पँडॉक हे साधन बरे, कारण ते मार्कडाउनमधून खरी पीपीटीएक्स तयार करते आणि संस्थेचे ठरलेले टेम्प्लेटही संदर्भ म्हणून स्वीकारते. गुंतागुंतीची मांडणी मात्र त्याच्याकडून अपेक्षू नये.

मजकूर जास्त झाला तर ही साधने सहसा अक्षर आपोआप लहान करत नाहीत, मजकूर सरळ स्लाइडच्या खाली निघून जातो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला हा दोष वाटत नाही. अक्षर बारीक करून दहावा मुद्दा कोंबण्यापेक्षा दोन स्लाइड्स करणे बरे, आणि हे साधन तुम्हाला तेच करायला लावते.

सुरुवात मार्पने करावी. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे एक्स्टेंशन बसवले की लिहिताना शेजारीच स्लाइड दिसत राहते आणि पीडीएफही तेथूनच काढता येते, मात्र त्यासाठी संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स यांपैकी एक ब्राउझर लागतो. जुन्या सादरीकरणातील मजकूरप्रधान असा एखादा भाग घेऊन तो पुन्हा लिहून पाहा. त्यात आकडेवारी असेल तर पुढे क्वार्टोकडे जा, गणित असेल तर बीमरकडे. केवळ वेगळे काही हवे म्हणून स्लाइडेव्हकडे वळू नका, कारण त्याची खरी ताकद वापरायची तर जावास्क्रिप्ट आणि तिच्यावर आधारित व्ह्यू ही चौकट थोडीबहुत यावी लागते.

ब्राउझरवर चालणारे सादरीकरण दुसऱ्याच्या संगणकावर दाखवायचे असेल तर इंटरनेट बंद करून ते एकदा चालवून बघा. फॉन्ट आणि सूत्रे दाखवणारी लायब्ररी पुष्कळदा इंटरनेटवरून येत असते, आणि ती न आल्यास सूत्रांच्या जागी त्यांचा कच्चा लाटेक मजकूर दिसतो. क्वार्टोत चित्रे व शैली एकाच फाइलमध्ये अंतर्भूत करण्याचा पर्याय आहे, परंतु सूत्रांच्या लायब्ररीसाठी वेगळा पर्याय चालू करावा लागतो. रिव्हील-जेएसमध्ये पत्त्याच्या शेवटी छपाईचा पर्याय जोडून पीडीएफ काढता येते. ती प्रत पेनड्राइव्हवर सोबत ठेवावी.