फॅट्सचं तोंड, मॉस्कोनीचा हात

प्रश्न : सर, मी निवृत्त माणूस, दुपारी जुन्या सामन्यांच्या चित्रफिती बघत बसतो. परवा मिनेसोटा फॅट्स आणि विली मॉस्कोनी यांचा १९७८ सालचा पूलचा, म्हणजे क्यू नावाच्या काठीनं टेबलावरचे चेंडू कडेच्या पॉकेटांत घालायच्या खेळाचा, सामना पाहिला. तो जाडा गृहस्थ मिनिटभर गप्प बसेना, आणि सडकून हरला. माझा पुतण्या म्हणतो, ‘काका, हा नुसता बोलबच्चन, याला खेळाडू कशाला म्हणायचं?’ माझं म्हणणं, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. मग हुलगे विकणं ही विद्या नाही का? निवाडा तुम्ही करा.

उत्तर : निवाडा पुतण्याच्या बाजूनं सुरू होतो आणि तुमच्याकडे वळतो, तेव्हा दोघांनीही अर्ध्यात उठू नका.

आधी मॉस्कोनी. वडिलांचा फिलाडेल्फियात पूल हॉल होता, पण मुलानं या नादाला लागू नये म्हणून ते त्याला टेबलाला हात लावू देत नसत. पोरानं आईच्या स्वयंपाकघरातले बारके बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन सराव सुरू केला. हाच मुलगा पुढे १९४१ ते १९५७ या काळात १५ वेळा स्ट्रेट पूलचा जगज्जेता झाला. स्ट्रेट पूलमध्ये कुठला चेंडू कुठल्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी सांगायचं, घालायचा, आणि चुकेपर्यंत खेळत राहायचं. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये, एका प्रदर्शनी खेळात, त्यानं ओळीनं ५२६ चेंडू घातले. टेबल आठ फुटी होतं, नऊ फुटी नव्हतं, अशी खुसपटं काढणारे आहेत. काढोत बापडे. तो आकडा मागे टाकायला २०१९ साल उजाडावं लागलं.

आता फॅट्स. खरं नाव रुडॉल्फ वाँडरोन, जन्म न्यूयॉर्कचा. मोठी म्हणावी अशी एकही स्पर्धा त्यानं जिंकली नाही. १९६१ साली ‘द हसलर’ चित्रपट आला, त्यात मिनेसोटा फॅट्स नावाचं एक पात्र होतं. वाँडरोननं जाहीर करून टाकलं, ‘तो मीच!’ मूळ कादंबरीचा लेखक वॉल्टर टेव्हिस जन्मभर सांगत राहिला की पात्र माझ्या डोक्यातलं आहे, या माणसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण ऐकतो कोण? तोवर तोच मिनेसोटा फॅट्स झाला होता, टीव्हीवर स्वतःचे कार्यक्रम करत होता. खरी गंमत पुढे आहे. त्या चित्रपटाचा तांत्रिक सल्लागार होता मॉस्कोनी. म्हणजे खेळ शिकवला एकानं आणि नाव पळवलं दुसऱ्यानं. मॉस्कोनीचा तिळपापड होणारच होता. त्याला मुळात पैजेवर जगणाऱ्यांचा तिटकारा. यांच्यामुळे खेळाचं नाव खराब होतं असं त्याचं मत होतं.

१४ फेब्रुवारी १९७८ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात दोघं समोरासमोर आले. समालोचनाला हॉवर्ड कोसेल. दोघंही पासष्टीच्या आसपासचे. सामना पूलच्या तीन प्रकारांत झाला, मॉस्कोनीनं तिन्हींत हरवलं, आणि चित्रफीत पाहिलीत म्हणजे तुम्हाला त्याचं तोंडही आठवत असेल. जिंकत होता तरी चेहऱ्यावर ऊन नाही. फॅट्स हरत होता आणि मजेत होता.

इथवर पुतण्या बरोबर. पण पैजेचा पूल हा खेळ निराळाच आहे. त्यात चेंडू घालण्याआधी एक डाव होतो, टेबलाच्या बाजूला उभं राहून, बोलण्यातून. त्याला म्हणतात गेम जमवणं. दोघांत कोण सरस हे दोघांना माहीत असतं, त्यामुळे सरस असेल त्यानं सूट द्यायची. या सुटीला तिकडे स्पॉट म्हणतात. नाइन-बॉलमध्ये नऊ नंबरचा चेंडू घालणारा जिंकतो. पण मी तुम्हाला ‘आठ दिला’ तर तुम्ही आठ नंबर घालूनही जिंकता. वन-पॉकेटमध्ये ज्याचं त्याचं एकच पॉकेट असतं आणि आपल्या पॉकेटात आधी आठ चेंडू घालणारा जिंकतो. तिथे ‘नऊ-सात’ ठरलं तर मला नऊ लागणार, तुम्हाला सातच. आता ‘नऊ-सात’ की ‘नुसतं आठ-सात’ यावर अर्धा तास घासाघीस चालते, आणि रात्रीचा निकाल बहुतेक वेळा त्या अर्ध्या तासातच लागलेला असतो.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून थोडा हिशेब सोसा. एकेका डावात जिंकण्याची तुमची शक्यता १०० पैकी ६० असेल आणि आधी नऊ डाव घेईल तो जिंकला असं ठरलं, तर सामना तुम्ही १०० पैकी सुमारे ८० वेळा जिंकाल. स्पॉट थोडा जास्त देऊन बसलात आणि ते ६० घसरून ५० झाले, की तुमचं सगळं कौशल्य नाणेफेकीच्या किमतीचं. फॅट्सची तोंडाची टकळी चालायची ती इथे. समोरच्याला हसवायचं, चिडवायचं, त्याच्या मानाला डिवचायचं, म्हणजे तो कमी सुटीवर ‘चल, होऊन जाऊ दे’ म्हणतो. शिवाय वन-पॉकेट आणि बँक शॉट, म्हणजे चेंडू टेबलाच्या कडेवर आपटवून पॉकेटात घालणं, यांत तो कच्चा मुळीच नव्हता. त्याचे हुलगे अगदीच कीडके नव्हते, काका.

त्याची बडबड मला आणखी एका कारणासाठी आवडते. बाकीच्या हसलरांना, म्हणजे आपला दर्जा लपवून पैजेवर खेळणाऱ्यांना, ती परवडत नसे. अनोळखी हॉलमध्ये शिरलेल्या हसलरचं पहिलं काम आपण कोण ते कळू न देणं. नेड पोल्स्की या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं, जो स्वतः पूल खेळायचा, साठच्या दशकात या मंडळींचा अभ्यास केला. त्याचाही रोख हाच की नुसता चांगला नेम असून हसलर होता येत नाही, खरा नेम लपवता यायला हवा. चुकायचं, पण चुकणं खरं वाटलं पाहिजे. हे प्रकरण केवढं अवघड आहे ते मला अनुभवानं कळलं. तरुणपणी एका बिलियर्ड रूममध्ये एका चुरगळलेल्या शर्टातल्या माणसानं मला दोन डाव जिंकू दिले. दोन्ही एकेका चेंडूनं. तिसऱ्याला पैज दुप्पट झाली, चौथ्याला चौपट, आणि ते दोन्ही त्यानं जिंकले, तेही एकेका चेंडूनंच. मला वाटत होतं, नशीबच फिरलंय. अर्ध्या वाटेवर घरी जाताना ट्यूब पेटली : पहिल्या दोन डावांत त्याचा प्रत्येक चुकलेला चेंडू पॉकेटच्या ओठावर, तोंड अडवून उभा राहिला होता. इतकं नेमकं चुकणारा माणूस कधी चुकतच नसतो. ते चार डाव म्हणजे मी आजवर समोरून पाहिलेला सर्वोत्तम खेळ, आणि मी तो बघितलाच नव्हता.

या लपवालपवीतला राजा मी फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसला मानतो. १९८५ साली तो अमेरिकेत आला तेव्हा त्याचं नाव तिथल्या खेळाडूंच्या कानावर गेलं होतं, चेहरा कुणी पाहिला नव्हता. तर पठ्ठ्यानं ह्यूस्टनच्या स्पर्धेत सेझार मोरालेस या नावानं भाग घेतला, आणि ती जिंकली. हा पुढे १९९९ साली नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. हात मॉस्कोनीच्या तोडीचा, आणि सोंग असं की कुणाला सोंग वाटू नये.

तेव्हा पुतण्याला सांगा, फॅट्स जगज्जेत्यांच्या रांगेत बसत नाही, हे कबूल. अमेरिकेतल्या बिलियर्ड काँग्रेसच्या हॉल ऑफ फेममध्ये १९८४ साली त्याला घेतलं तेही खेळाडू म्हणून नव्हे, खेळाच्या सेवेबद्दल. मॉस्कोनी तिथे १९६८पासून होता. पण ती सेवा खोटी नव्हती. १९७८च्या त्या रात्री लाखो घरांत लोक पूल बघत बसले ते मॉस्कोनीच्या १५ अजिंक्यपदांपायी बसले असतील, असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न : एका फटक्यात सहा चेंडू वगैरे जे ट्रिक शॉट दाखवतात, ते खरं कौशल्य की हातचलाखी?

उत्तर : बरेचसे मांडणीचे असतात. दोन चेंडू एकमेकांना चिकटवून ठेवले, तर पुढचा चेंडू दोघांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेतच जवळजवळ सुटतो. मागच्याला तुम्ही कुठून मारलं याला फारसं महत्त्व राहत नाही. ती रेषा पॉकेटकडे असली की काम फत्ते. मेहनत क्यूची कमी, चेंडू मांडणाऱ्या बोटांची जास्त. पण म्हणून हे दाखवणारा खेळाडू नव्हे, असं समजू नका. स्टीव्ह मिझेरॅक १९७० ते १९७३ ओळीनं चार वेळा पूलची यू.एस. ओपन जिंकला, आणि लोकांनी त्याला ओळखलं बिअरच्या जाहिरातीतल्या ट्रिक शॉटमुळे. त्याच्याही आधी राल्फ ग्रीनलीफ होता, अनेक वेळा जगज्जेता झालेला. तो रंगमंचावर पूलचे खेळ करी, आणि मागच्या रांगांनाही टेबल दिसावं म्हणून वर मोठा आरसा टांगलेला असे. हसलर मात्र अनोळखी गावात ट्रिक शॉट चुकूनही दाखवणार नाही. दुकान उघडण्याआधीच बंद व्हायचं.

प्रश्न : टायटॅनिक थॉम्प्सनबद्दल वाचलं. मला तो सरळसरळ लबाड वाटला. तुमच्या या ‘कौशल्य’वाल्यांत तो बसतो का?

उत्तर : अर्धा बसतो. हा आल्विन थॉमस, मिसुरीचा, कशावरही पैज लावणारा. अक्रोड इमारतीवरून पलीकडे फेकून दाखवतो म्हणायचा; अक्रोडात शिसं भरलेलं. ही लबाडीच, त्यात वाद नको. गोल्फचा चेंडू ५०० यार्ड मारतो म्हणाला आणि गोठलेल्या तळ्यावर जाऊन मारला. ही मला शब्दांची पैज वाटते, समोरच्यानं ‘कुठे?’ विचारायला हवं होतं. आणि तिसरी तऱ्हा अशी : उजव्या हातानं गोल्फ खेळून कुणाला तरी हरवायचं, मग उदार चेहरा करून म्हणायचं, ‘चला, आता डाव्या हातानं खेळतो, पैज दुप्पट.’ गडी मुळात डावखुरा होता! इथे मी टोपी काढतो. उजव्या हातानं चांगल्या खेळाडूंना हरवण्याइतकं गोल्फ शिकायला काय मेहनत पडली असेल? ती सगळी मेहनत एका वाक्याची बतावणी उभी राहावी म्हणून.

प्रश्न : मग पोकरवाले एवढे मिरवतात कसे? अमेरिलो स्लिमची हॅट, बूट, किस्से. त्याला लपायची गरज नव्हती का?

उत्तर : चांगला पकडलात मला. फरक खेळातच आहे. पूलच्या टेबलावर तुमचा दर्जा दहा मिनिटांत उघडा पडतो, म्हणून तिथे झाकावं लागतं. पोकरमध्ये एका रात्री गाढवही जिंकतं. पानांच्या नशिबाआड कौशल्य आपोआप लपतं, त्यामुळे खेळाडू खुशाल मिरवू शकतो. उलट मिरवलं की हौशी श्रीमंत माणूस ‘या हॅटवाल्याला मी हरवलं’ असं सांगायला मिळावं म्हणून पैसे घेऊन बसतो. स्लिम १९७२ साली पोकरची वर्ल्ड सिरीज जिंकला. शेवटच्या तिघांत डॉइल ब्रन्सन होता. त्याला प्रसिद्धी नको होती, म्हणून तो बाजूला झाला. पुढे १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षं तोच जिंकला, तेव्हा भित्रा म्हणू नका. स्लिम मात्र जिंकला तो थेट टीव्हीवर गेला आणि पोकरला दिवाणखान्यात घेऊन आला. त्याचा आवडता किस्सा बॉबी रिग्जचा. हा रिग्ज १९३९चा विम्बल्डन विजेता आणि स्वतः पैजांचा किडा. स्लिम म्हणाला, टेबल टेनिस खेळू, पण बॅट मी आणीन. आणली ती काय, तर लोखंडी तवे. स्लिमनं तव्यानं सराव करून ठेवला होता, रिग्जनं जन्मात केला नव्हता.

कौशल्य झाकता न आल्यानं काय होतं ते स्टू अंगरनं भोगलं. जिन रमीत तो इतका उघडपणे अजिंक्य होता की त्याच्यासमोर पैसे घेऊन कुणी बसेना. रमीत नशीब पोकरइतकं दाट नाही, फरक लवकर दिसतो, आणि अंगरला मुद्दाम हरायचं जमत नसे. शेवटी तो पोकरकडे वळला. १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा वर्ल्ड सिरीज जिंकला आणि १९९८ साली गेला.

यांच्यात मला सर्वांत जवळचा वाटतो पगी पीअर्सन, १९७३चा विजेता. शाळा पाचवीत सुटलेली, पूल, गोल्फ, पत्ते, सगळ्यावर पैसे लावलेला. फिरायला मोठी घरगाडी होती आणि तिच्यावर रंगवून घेतलं होतं की कुठल्याही देशीच्या कुठल्याही माणसाशी, तो म्हणेल तो खेळ, मोजता येईल तेवढ्या रकमेवर खेळीन. आणि खाली, जवळ गेल्याशिवाय दिसू नये एवढ्या अक्षरांत : मला पटलं तर.