पवनचक्की बंद दिसते, म्हणून नोकरी नाकारू नका

प्रश्न : मुलाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय. वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम ठेकेदारामार्फत मिळतंय. पण दिवाळीनंतर तिथल्या कितीतरी चक्क्या बंदच दिसतात. अशा ठिकाणी त्याने जावं का?
– एक आई, पाटण तालुका

उत्तर : ताई, थांबलेली प्रत्येक पवनचक्की बिघडलेली नसते. वारा सेकंदाला साधारण ३ मीटरच्या खाली गेला की ती वीज देत नाही, आणि आपल्या पठारांवर खरा वारा पावसाळ्यातला. म्हणून मोठी देखभाल त्याआधीच उरकावी लागते.

बिघाड होतात हे मात्र खरं, आणि मुलाचं काम तिथेच आहे. वरचेवर येणाऱ्या तक्रारी बहुतेक विजेच्या असतात: सेन्सर, कन्व्हर्टर (तयार झालेली वीज ग्रिडला चालेल अशी करणारं यंत्र), पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा. त्या लवकर निस्तरतात. पात्यांची संथ फिरकी जनरेटरसाठी वेगवान करणारा गिअरबॉक्स क्वचित जातो, पण गेला की मोठी क्रेन घाटरस्त्याने वर आणायची, वारा पडायची वाट बघायची, आणि ऐन हंगामात चक्की उभी. म्हणून तो जायच्या आधी ओळखणाऱ्या माणसाला किंमत आहे. तेलाच्या नमुन्यात धातूचा बारीक कीस सापडतो, बेअरिंग झिजू लागलं की कंपनांचा आलेख बदलतो. मुलाने नुसते बोल्ट आवळत राहू नये, पहिल्या दोन वर्षांत हे आलेख वाचायला शिकावं. मला खरं करिअर त्यात दिसतं. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था प्रशिक्षणवर्ग घेते, तिकडेही लक्ष ठेवा.

काम संपेल ही भीती नको. अशा यंत्राचं आयुष्य २० ते २५ वर्षं धरतात आणि साताऱ्यातल्या बऱ्याच चक्क्या त्या वयाला आल्यात. जुन्या बदलण्याचं किंवा त्यांचं आयुष्य वाढवण्याचं धोरण केंद्राने २०२३ मध्ये आणलंय. दोन्ही कामांना माणसं लागणारच.

माझी काळजी वेगळी आहे, ठेकेदाराची. ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन या पवनऊर्जा कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग, म्हणजे सुरक्षेचं मूलभूत प्रशिक्षण, कोण देणार, खर्च कोणाचा? त्यात उंचीवरचं काम, आग, प्रथमोपचार हे सगळं येतं आणि दर दोन वर्षांनी उजळणी लागते. पीएफ, अपघात विमा आहे का? विजा कडाडत असताना टॉवरवर चढायला नाही म्हणता येईल का? ही उत्तरं लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर पगार कितीही असो, हा ठेकेदार सोडा, दुसरा बघा.

रुजू होण्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. चक्कर, फिट किंवा रक्तदाबाचा त्रास निघाला, तर त्याच प्रकल्पाच्या सबस्टेशनसाठी अर्ज करू दे. त्याचा डिप्लोमा तिथेही चालेल.