पेशीला सांगाडा असतो, तर ती आकार कशी बदलते?

तुमचा प्रश्न रक्तातल्या पांढऱ्या पेशीबद्दल आहे: आत सांगाडा असूनही ती वाकडीतिकडी होऊन केशवाहिनीतून बाहेर कशी पडते? सांगाडा आहे म्हणूनच पडते. घोडबंदर रोडला इमारतींना परांची बांधतात ना, तसं आहे हे. इथली सोडायची, तिथे उभी करायची. पेशीचा सांगाडा प्रथिनांच्या धाग्यांचा असतो. पेशी पुढच्या कडेला त्यातले अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे जोडत जाते, त्यांनी पडदा पुढे रेटला जातो. मागे तेच धागे सुटे होतात आणि मायोसिन हे धागे ओढणारं प्रथिन शेपटाकडचा भाग आखडून घेतं.

अ‍ॅक्टिनचे धागे सुमारे 7 नॅनोमीटर जाड. सांगाड्यातले दुसरे धागे म्हणजे मध्यम तंतू, ते 10च्या आसपास, त्यांचं काम ताण सोसणं. कातडीतलं केराटिन त्यातलंच. परीक्षेपुरतं एवढं बास.

मला स्वतःला सांगाड्याचा तिसरा प्रकार, सूक्ष्मनलिका, जास्त आवडतात. 25 नॅनोमीटरची पोकळ नळी, ट्युब्युलिन या प्रथिनाच्या बहुधा 13 उभ्या माळांची. वाढता वाढता ती अचानक ढासळते आणि पुन्हा वाढायला लागते. मिचिसन आणि किर्शनर या शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये हे मांडलं. टोकाशी जीटीपी (ऊर्जा साठवणारा रेणू) धरून बसलेलं ट्युब्युलिन आहे तोवर नळी टिकते, ते संपलं की उकलते. पेशीविभाजनात अशाच चाचपडत या नळ्या गुणसूत्रं पकडतात.

केमोची काही औषधं नेमकी इथेच घाव घालतात. सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन नळ्या जुळूच देत नाही, टॅक्सॉल हे दुसरं औषध त्या मोडू देत नाही. दोन्हीकडे विभाजन अडतं. (म्हणून सोसायटीच्या कुंडीतली सदाफुलीची पानं चावत बसू नका, विषारी असतात.) पण चेतातंतूंतली मालवाहतूकही याच नळ्यांवरून चालते. माल वाहणारं कायनेसिन हे प्रथिन 8 नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकतं, दर पावलाला एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूचा एक रेणू खर्च. नळ्या बिघडल्या की ही वाहतूकही अडते. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात ही औषधं घेणाऱ्या कुणाला विचारलंत, तर बोटांना मुंग्या येतात असं बरेचदा ऐकाल. सगळ्यात लांबचे चेतातंतू आधी कुरकुरतात.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला शिकवते. मुलांना फिश टँकच्या दुकानातून हायड्रिला ही पाणवनस्पती आणायला सांगते. कोवळं पान पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाच्या 40च्या भिंगाखाली बघा. धागे दिसणार नाहीत, पण हिरवे ठिपके पेशीच्या कडेकडेने एकाच दिशेने सरकताना दिसतील. त्यांना अ‍ॅक्टिन-मायोसिनच वाहून नेतं. काहीच हललं नाही, तर पान थोडा वेळ दिव्याजवळ ठेवून पुन्हा बघा.