वाचकांचे प्रश्न : गुटीला मूळ का फुटत नाही?

प्रश्न : ‘भगवा’ जातीच्या डाळिंबावर जूनअखेर चाळीस गुट्या बांधल्या (म्हणजे फांदीची साल गोल काढून तिथं ओलं शेवाळ बांधलं, झाडावरच मूळ फुटावं म्हणून). दोन महिन्यांनी सोडल्या तर निम्म्यांना मूळच नाही, साल मात्र परत जुळलेली. कुठं चुकलं? त्यापेक्षा गोड फळाचं बीच लावावं का?
— एक बागायतदार, सांगोला

उत्तर : साल जुळली, तिथंच चूक सापडते. साल काढल्यावर लाकडावर जो बुळबुळीत, ओलसर थर राहतो, त्याच्या पेशी सतत विभागत असतात. तो राहिला की नवी साल धरते आणि पानांत तयार झालेलं अन्न पुन्हा खाली वाहू लागतं. मूळ फुटायला ते अन्न आणि शेंड्याकडून येणारं ऑक्सिन हे संप्रेरक कापाच्या वरच्या काठाशी अडून साचावं लागतं. पाणी लाकडातून वर चढतं, म्हणून फांदी वाळत नाही.

पेन्सिलीएवढी जाड, साधारण वर्षाची निरोगी फांदी घ्या. अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढा आणि उघडं लाकूड चाकूच्या पाठीनं खरवडून कोरडं करा. वरच्या काठाला आयबीए (मूळ फुटायला मदत करणारं ऑक्सिन) लावा : २५०० पीपीएम, म्हणजे १०० मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम. ते पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घाला. शेवाळ भिजवून घट्ट पिळा आणि कापाभोवती बांधा. पाणी ठिबकत असेल तर साल कुजते. वर प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं आवळा. वरची गाठ सैल राहिली की पावसाचं पाणी आत उतरतं. पांढरी मुळं तांबूस झाली की गुटीखाली निम्म्या जाडीपर्यंत खाच द्या, आठवड्यानं तोडा आणि पिशवीत लावून शेडनेटखाली ठेवा.

बी मात्र लावू नका. बी परागीभवनातून येतं, त्यात गुणांची सरमिसळ होते. भगव्याचा रंग आणि मऊ दाणा उतरेलच असं नाही. गुटी हे शाकीय, म्हणजे अलैंगिक प्रजनन. तिथं फक्त सूत्री विभाजन होतं, म्हणजे एका पेशीच्या तशाच दोन पेशी होतात, त्यामुळे रोप मातृवृक्षाची हुबेहूब नक्कल निघतं. त्या फांदीतला तेल्या या डाळिंबाच्या रोगाचा जिवाणूही सोबत येतो, हे मात्र बरेच जण विसरतात. ज्या बागेत तेल्या दिसला तिथली फांदी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

प्रश्न : पानफुटीच्या पानाला रोपं फुटतात, मग पिंपळाच्या का नाही?
— दहावीची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : पानफुटीच्या पानाच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत विभाजनक्षम पेशींची सुप्त कळी. पान ओल्या मातीवर सपाट ठेव, खाचेतून आधी बारीक मुळं आणि मग इवलीशी पानं येतील. पिंपळाच्या पानात अशा कळ्याच नसतात.