आजोबांचा फोटो

चिपळूणजवळच्या गावातून एक आई लिहितात : 'मुलगा वीस वर्षांचा आहे, डिप्लोमा करतो. वर्षभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर मौलानांची बयानं ऐकतो. यंदा उरुसाला आला नाही. सासऱ्यांचा भिंतीवरचा फोटो काढून, पेपरात गुंडाळून पलंगाखाली ठेवला. घरात बोलत नाही. लहानपणी फार बडबड्या होता. तो दहा वर्षांचा असताना सासरे गेले, तेव्हा तर रोज विचारायचा, कबरीत आजोबांना अंधाराची भीती वाटत असेल का? मी दटावायचे, असलं विचारू नये म्हणून. मिस्टर कुवेतला असतात. ते म्हणतात, मोबाइल काढून घे. काय करू?'

ताई, दोन पानांच्या पत्रात दीड पान मोबाइल आहे. माझं लक्ष मात्र त्या अंधाराच्या ओळीवरून हलेना. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. मला विचाराल तर तुमचं पत्र तेवढंच आहे.

दहा वर्षांचं पोर रोज तुमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येत होतं आणि तुम्ही त्याला गप्प बसवत होतात. त्याचा राग येतोय मला, स्पष्टच सांगते. पोर गप्प झालं म्हणून प्रश्न थोडाच संपतो? यूट्यूबवर 'कब्र की पहली रात' एवढं लिहून बघा. बयानांचा ढीग निघेल. आवाज हळूहळू खाली येतो, 'मेरे भाई' म्हणून हाक येते, बोलणाऱ्याचा गळा दाटतो. एक शेवटपर्यंत ऐकलं की पुढचं आपोआप समोर. आणि शेवटी सांगणं : हे पुढे पाठवा, सदका-ए-जारिया आहे, म्हणजे माणूस गेल्यावरही पुण्य मिळत राहतं असं दान. म्हणजे ऐकणाऱ्यालाही काम मिळतं, आणि त्याचं सवाब, म्हणजे पुण्य, आजोबांच्या नावानं पोचवता येतं. तुमच्या मुलाला हे केवढं मोठं वाटलं असेल!

मुंबईच्या डॉ. झाकीर नाईकांच्या सभा आठवा. कोट-टाय, इंग्रजी, कुराणातल्या आयतींचे क्रमांक तोंडपाठ. पण पोरं खिळून राहायची ती भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांना. कुणीही माइकपाशी जावं, विचारावं आणि तिथल्या तिथे ठाम उत्तर घ्यावं. 2016 साली सरकारनं त्यांच्या संस्थेवर बंदी घातली, ते आता मलेशियात असतात. ती प्रश्नोत्तरं मात्र आज खिशातल्या मोबाइलवर आहेत. प्रश्न कसलाही असो, 'असलं विचारू नये' असं तिथे कुणी म्हणत नाही. ठाम उत्तर दर वेळी बरोबरच असतं असं नाही, काही जण तर नुसती भीतीच विकतात. पण सगळे तसे नसतात. झिम्बाब्वेचे धर्मोपदेशक मुफ्ती मेंक सोशल मीडियावर दोन ओळींत धीर देतात, लाखो लोक ते वाचतात. नमाजाला उठणारं पोर बघून घाबरू नका.

आता फोटो. ज्या घरात तसबिरी असतात तिथे फरिश्ते (देवदूत) येत नाहीत, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, त्याच्या कानावर आली असणार. तुम्हाला वाटलं, त्यानं आजोबांचा अपमान केला. ताई, त्यानं तो फोटो फाडला नाही, टाकला नाही. पेपरात नीट गुंडाळून घरातच ठेवला. त्याला आजोबांची काळजी आहे. दहा वर्षांपूर्वी होती तीच.

मोबाइलला हात लावू नका. काढून घेतलात तर तुम्ही त्याला दुसऱ्यांदा गप्प बसवाल. आज रात्री तो फोटो पलंगाखालून काढा, पेपर सोडवा आणि त्याच्याशेजारी जाऊन बसा. म्हणा, 'तू मला आजोबांचं विचारायचास, मी तुला दटावलं. चुकलं माझं. मला उत्तर येत नव्हतं आणि मलाही भीती वाटत होती.' मग आजोबांबद्दल बोला, त्या मयतीच्या दिवसाबद्दल बोला. तो बयानातलं काही सांगेल, तेही पुरतं ऐका. मध्ये तोडू नका. रात्रीचे दोन वाजले तरी चालतील, नाहीतरी तो जागाच असतो.

फोटो परत भिंतीवर लावायचा की कपाटात ठेवायचा, ते मग दोघं मिळून ठरवा.