टॉर्चमध्ये चिपा चढवण्याआधी एलईडी मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका १८६५० सेलचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल) टॉर्च आहे, ड्रायव्हरच्या (एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटच्या) चकतीवर करंट ठरवणाऱ्या ७१३५ नंबरच्या चार चिपा आहेत, रात्रीच्या लाईटवर केळीला पाणी भरायला गेलं की उजेड कमी पडतो. तर कोणता रेझिस्टर बदलला की उजेड डबल होईल?

(आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. घोळ नको म्हणून खाली टॉर्च आणि सेल असंच लिहितो.)

रेझिस्टर शोधत बसू नका, तुमच्या ड्रायव्हरमध्ये तो भाग नाही. ‘आर१००’ छापलेल्या रेझिस्टरवर दुसरा चढवून करंट वाढवतात, ते बक ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉइल वापरून व्होल्टेज उतरवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या सर्किटमध्ये. ७१३५ ची एकेक चिप ठरलेला ३५० मिलिअँपिअर सोडते, काही ३८० च्या येतात. चार चिपा म्हणजे १.४ अँपिअर. वाढवायचं तर चिपेवर चिप चढवायची, तिन्ही पाय एकाला एक जोडून.

पण आधी काच काढून मोजपट्टीने एलईडी मोजा. पाच मिमीचा चौकोन असेल तर ती एक्सएम-एल जातीची. अस्सल एक्सएम-एल२ ला तीन अँपिअर चालतात. साडेतीन मिमीच्या आसपास असेल तर बहुधा एक्सपी-जी. एक्सपी-जी२ ची कमाल मर्यादा दीड अँपिअर आहे, म्हणजे ती आत्ताच काठावर चालतेय. तिथे चिपा चढवू नका, एलईडीच बदला.

एलईडी मोठी असली तरी माझं मत दोनच चिपा वाढवा, २.१ अँपिअर. करंट दुप्पट केला तरी उजेड पूर्ण दुप्पट होत नाही, आणि झाला असं धरलं तरी झोताची लांबी दीडपटसुद्धा होत नाही. शंभर मीटरचे जेमतेम एकशेचाळीस. उलट २६०० मिलिअँपिअर-अवरचा सेल २.१ अँपिअरवर सव्वा तासात संपतो आणि तुम्ही बांधावर चार-पाच तास असता. बाऱ्यात पाणी कुठवर आलं ते बघायला लो मोड भरपूर होतो, हाय फक्त रानडुकराची चाहूल लागली तर. बाजारात ९९०० छापलेले सेल मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. या मापाचा चांगला सेलही साडेतीन हजाराच्या फार पुढे जात नाही.

खरी अडचण गरमीची. ७१३५ जादाचा व्होल्टेज स्वतःवर जाळते. सेल ४.२ व्होल्टवर आणि एलईडी ३.१ व्होल्टवर असेल तर २.१ अँपिअरला सव्वादोन वॅट नुसते चिपांवर, एलईडीची गरमी वेगळी. माझ्या पहिल्या प्रयोगात मी चारही चिपांवर चिपा चढवल्या. मे महिना, जळगावची हवा रात्रीही तापलेली. सात-आठ मिनिटांत उजेड निळसर पडला, उघडून बघतो तर एलईडीचा घुमट तपकिरी. कारण चिपा नव्हत्या. एलईडी ज्या बैठकीवर होती ती आतून पोकळ, आणि एलईडीखालची चकती तिला फक्त कडेला टेकलेली. म्हणून आधी एलईडीखाली तांब्याची चकती घ्या, बैठकीला उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट पातळ लावा, आटे घट्ट बसवा. मागच्या स्प्रिंगवर तांब्याच्या तारांची वेणी डाग देऊन (सोल्डर करून) जोडा, म्हणजे सेल उतरत आला तरी करंट जास्त वेळ टिकतो.

डाग देताना आधी नव्या चिपेचे पाय कथिलाने ओले करा, फ्लक्स लावा, चिमट्याने धरून एकच पाय पकडवा, सरळ बसली की बाकीचे. मागचा रुंद पाय अर्थचा, तो उष्णता ओढतो, तिथे सोल्डरिंग गन दोन सेकंद जास्त. पायांत कथिलाचा पूल झाला का ते भिंगाने बघा.

मग मागची टोपी काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावा, एक टोक सेलच्या मागे, एक बॉडीवर. वायरी जाड आणि आखूड घ्या, नाहीतर आकडा कमी दिसेल. दोनच्या आसपास आला की टोपी लावून पाच मिनिटं हायवर हातात धरा. बॉडी गरम लागली तर काम बरोबर झालंय. बॉडी गार आणि उजेड उतरत चालला, तर लगेच बंद करा आणि पुन्हा बैठकीकडे जा.